मासे मजेत, मोइना एका रात्रीत साफ! चांदीच्या थेंबांमुळे असं होतं का?

बेटावेडा (डोंबिवली)

नमस्कार मंडळी. बाल्कनीत बेटा माशांची ब्रीडिंग करतो. फ्रायसाठी, म्हणजे पिल्लांच्या खाण्यासाठी, मोइनाचे (पाण्यातले मिलिमीटरभर जीव) दोन टब कायम चालू असतात, ग्रीन वॉटरवर, म्हणजे शेवाळाच्या हिरव्या पाण्यावर. गेल्या आठवड्यात एका जोडीच्या अंड्यांवर पांढरी बुरशी दिसली. मेथिलीन ब्लू संपलं होतं. दुकानदाराने एक छोटी बाटली दिली, 'नॅनो सिल्व्हर'. म्हणाला, वीस लिटरला एक मिली टाका, जंतू मरतात, माशाला काही होत नाही. बाटलीवर '१००० पीपीएम' एवढंच छापलंय.

माशांना खरंच काही झालं नाही. नर अजून फेस विणतोय. पण नेहमीप्रमाणे मी त्या टाकीचं जुनं पाणी काढून मोइनाच्या एका टबात ओतलं, कारण मोइनाला ते मानवतं. सकाळी बघतो तर तळाला सगळा चुरा. दुसरा टब, ज्यात ते पाणी गेलं नाही, तो ठणठणीत होता. तोही नंतर उन्हाने गेला, ती वेगळी गोष्ट.

प्रश्न असा: जे औषध जंतू मारायला आहे आणि ज्याने माशाला काही होत नाही, त्याने मधल्या आकाराचा जीव कसा मरतो? आणि हे 'नॅनो' म्हणजे नुसती जाहिरात आहे की खरंच काही वेगळं असतं?

निव्वळ_पाणी (सातारा)

दुसरं काहीतरी कारण असेल. चांदीने कोणी मरत नाही. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बाळाला चांदीच्या वाटीतून चाटवतात, तांब्याच्या हंड्यातलं पाणी पितात. टबातला ऑक्सिजन संपला असेल.

पाणपिसू (मुलुंड)

बेटावेडा, तुझा प्रश्न म्हणजे माझा रोजचा धंदा आहे, त्यामुळे लांबण लागणार. मी एका तपासणी प्रयोगशाळेत डॅफ्निया सांभाळते. तुझ्या मोइनाची ती चुलत बहीण. कीटकनाशक असो, रंग असो, कारखान्याचं सांडपाणी असो, बाजारात किंवा नदीत जायच्या आधी आमच्या पोरींना ते चाखावं लागतं. चोवीस तासांच्या आतली पिल्लं घ्यायची, प्रत्येक मात्रेला कमीत कमी वीस, आणि ४८ तासांनी किती जणी हलायच्या थांबल्या ते मोजायचं. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २०२ क्रमांकाची चाचणी-पद्धत ती हीच. आमच्या डॅफ्नियाच्या खोलीत तांब्याचा पाइप नाही, पितळी नळ नाही. नवीन पोरगं कामाला आलं की पहिल्या दिवशी त्याच्या हातातलं तांब्याचं कडं काढून ठेवायला लावते. त्याला वाटतं बाई वेडी आहे.

आता तुझा हिशोब. १००० पीपीएम म्हणजे एका मिलीत एक मिलिग्रॅम चांदी. वीस लिटरला एक मिली टाकलंस, म्हणजे लिटरला ०.०५ मिलिग्रॅम. बाटलीवरचा आकडा खरा धरला तर, हं.

एस्टोनियात टॅलिन शहरात एक गट आहे, आन काहरू यांचा. सूक्ष्म धातुकणांचा लहान जिवांवर काय परिणाम होतो हे त्यांच्याइतकं चिकाटीने फार थोड्यांनी पाहिलंय. २०१३ मध्ये त्यांनी तोवरच्या चाचण्यांचे आकडे एकत्र मांडले. ज्या मात्रेला निम्मे जीव मरतात किंवा निपचित पडतात, तिचा मधला आकडा नॅनो चांदीसाठी असा निघाला: मोइना-डॅफ्नियासारख्या कवचधारी जिवांना लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, शेवाळाला ०.३६, माशांना १.३६, आणि जिवाणूंना ७.१.

परत वाच. जिच्या नावावर 'जंतुनाशक' म्हणून हे विकलं जातं ती जमात यादीत सगळ्यात शेवटी आहे, आणि जिचा काही संबंध नाही ती पहिली. तुझी मात्रा मोइनाच्या आकड्याच्या पाचपट होती आणि माशाच्या आकड्याच्या सत्ताविसाव्या भागाएवढी. टबात ओतल्यावर ती आणखी पातळ झाली असणार, तरी पुरली. दुकानदार खोटं बोलला नाही. त्याला कोणी मोइनाबद्दल विचारलंच नव्हतं.

एक अट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. जिवाणूंच्या चाचण्या बहुतेक वेळा पोषक द्रावणात होतात. त्यात प्रथिनं असतात, मीठ असतं, आणि चांदी त्यांनाच चिकटून बसते. साध्या पाण्यात जिवाणूही कमी मात्रेत मरतात. म्हणून ७.१ हा आकडा फुगलेला समज. 

आता मरतात कशाने. गोड्या पाण्यातल्या प्रत्येक जिवाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा मीठ जास्त असतं, आणि ते सतत बाहेर झिरपत असतं. ते भरून काढायला कल्ल्यांवर सोडियम आत ओढणारे पंप असतात, प्रथिनांचे बनलेले. चांदीचा आयन, म्हणजे पाण्यात विरघळलेला भारित अणू, सोडियमसारखाच एक धन भार घेऊन फिरतो, त्यामुळे सोडियमच्याच वाटेने आत शिरतो आणि आत गेल्यावर पंपाला घट्ट चिकटतो. पंप बंद. मिठाची गळती चालूच. ब्राझीलचे बियांकिनी आणि कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातले ख्रिस वुड यांनी २००३ मध्ये नेमकं डॅफ्नियावरच हे दाखवलं, अंगातलं सोडियम कसं उतरत जातं ते मोजून. माशाच्या अंगात मिठाचा साठा मोठा, त्याच्या मानाने कातडी कमी. मोइना जेमतेम मिलिमीटरभर. तिच्याकडे साठा असा नाहीच, सगळी नुसती कातडीच. एका रात्रीत खेळ खलास.

म्हणजे गुन्हेगार आयन. मग 'नॅनो' कशाला? तर तो कण म्हणजे आयनांचं गोदाम. धातू विरघळतो पृष्ठभागावरून, आणि कण जितका बारीक तितका पृष्ठभाग जास्त. एक सेंटिमीटरचा चांदीचा ठोकळा घे. सहा चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग. त्याचेच १० नॅनोमीटरचे ठोकळे पाड, चांदी तेवढीच. पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर. साडेसहा हजार चौरस फूट, म्हणजे तुमच्या डोंबिवलीत दहा-अकरा वन बीएचके मावतील एवढा. निव्वळ_पाणी दादांची चांदीची वाटी आणि ही बाटली यांत फरक आहे तो एवढा.

तांब्याच्या ऑक्साइडचं उदाहरण तर मी प्रत्येक ट्रेनीला तोंडपाठ करायला लावते. त्याच टॅलिनच्या गटाचं, २००८ चं काम. साधी, जाडी पूड डॅफ्नियाला मारायला लिटरला सुमारे १६५ मिलिग्रॅम लागली. नॅनो पूड ३.२ मिलिग्रॅममध्ये काम तमाम. पदार्थ तोच, रासायनिक सूत्र तेच, नोंदणीच्या कागदावर नावसुद्धा तेच. मला कोणी विचारलं तर मी आकाराशिवाय सूत्र लिहिलेला कागद परत पाठवीन. पण मला विचारतंय कोण.

शिवाय मोइना गाळून खाते. पायांनी पाणी सारखं आत ओढते आणि त्यातलं शेवाळ, जिवाणू, जे काही मिळेल ते गिळते. एकटा नॅनोकण तिच्या चाळणीत अडकण्याइतका मोठा नसतो, पण पाण्यात ते कण गोळा होतात, शेवाळाला चिकटतात, आणि मग घास म्हणून सरळ पोटात जातात. तांब्याच्या ऑक्साइडमध्ये ठेवलेली डॅफ्निया सूक्ष्मदर्शकाखाली धरली की पारदर्शक अंगातून काळी आतडी दिसते. ते चित्र एकदा पाहिलं की विसरत नाही.

निव्वळ_पाणी (सातारा)

ताई, आकडे पटले. पण मग माणसाला का नाही होत?

पाणपिसू (मुलुंड)

माणूस पाण्यात राहून कल्ल्यांनी मीठ ओढत नाही ना, म्हणून. वाटीतून उतरणारी चांदीही नगण्य. पण हल्ली 'कोलॉइडल सिल्व्हर' औषध म्हणून पिणारे आहेत. वर्षानुवर्षं प्यायलं तर कातडी निळसर-करडी होते आणि परत पूर्ववत होत नाही. त्या भानगडीत पडू नका.

तांब्याच्या हंड्याचं म्हणाल तर, स्वित्झर्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन नेगेली यांनी तांब्याची नाणी घातलेल्या पाण्यात स्पायरोगायरा शेवाळ मरतं हे पाहिलं होतं. ते लिखाण त्यांच्या मृत्यूनंतर १८९३ मध्ये छापलं गेलं. हंड्यातलं पाणी तुम्ही खुशाल प्या. श्रिंपच्या टाकीत ओतू नका.

द्राक्षवाला_निफाड

इथे चर्चा माशांची चाललीय, तरी विचारतो. आमच्याकडे द्राक्षावरच्या भुरी-डाऊनी या बुरशीरोगांसाठी नॅनो सिल्व्हरची औषधं येतात, काहींत हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळलेलं. मोरचूद-चुन्याचं बोर्डो तर आजोबांपासून मारतोय. ब्लोअर (फवारणीचं यंत्र) धुतलेलं पाणी उताराने शेततळ्यात जातं. तळ्यात रोहू-कटला सोडलेत. मोठी मासळी चांगली आहे, पण या वर्षी सोडलेलं मत्स्यबीज टिकलं नाही. यात काही संबंध?

पाणपिसू (मुलुंड)

दादा, फोटोवरून निदान करणाऱ्या डॉक्टरसारखं मी काही ठोकून देणार नाही. बीज मरायला पन्नास कारणं असतात: वाहतूक, बेडूक, पाणकिडे, रात्रीचा ऑक्सिजन. पण दिशा सांगते.

चांदीची एक बरी बाजू आहे. तळ्याच्या गाळात, जिथे ऑक्सिजन पोचत नाही आणि कुजक्या अंड्याचा वास येतो, तिथे सल्फाइड असतं. चांदीला गंधकाचं भयंकर वेड. घरातली भांडी काळी पडतात ती त्यामुळेच. गाळात गेली की तिचं सिल्व्हर सल्फाइड होतं, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. सांडपाण्याच्या प्लांटमध्येही बहुतेक चांदीचं असंच होतं. म्हणून जुनं, गाळ धरलेलं तळं बरंच काही सोसतं. तुमच्या तळ्याला प्लास्टिकचा कागद असेल आणि गाळ नसेल, तर ती सोय नाही.

मोठी मासळी तगून बीज जातं याचा एक धागा अन्नाकडे जातो. रोहू-कटल्याचं बारीक बीज सुरुवातीला जे खातं ते हेच: मोइना, डॅफ्निया आणि त्यांची भावंडं. ती साफ झाली तर मासा औषधाने मरत नाही, उपाशी मरतो. आणि पाण्याच्या रिपोर्टमध्ये काहीच दिसत नाही.

कॅनडात ओंटारियो प्रांतात संशोधनासाठी राखून ठेवलेले तलाव आहेत. त्यातल्या २२२ नंबरच्या तलावात २०१४ आणि २०१५ च्या मोसमात मुद्दाम नॅनो चांदी सोडली गेली. बाटलीतला प्रयोग नाही, अख्खा तलाव. पर्च मासे तडकाफडकी मेले नाहीत. त्यांचं खाणं घटलं, संख्या उतरली, आणि चांदी त्यांच्या यकृतात साठली. पर्चला खाणाऱ्या पाइक माशातही ती सापडली. बीकरमध्ये ४८ तास पाहून हे कधीच कळलं नसतं, आणि हे मी पोटावर पाय देऊन बोलतेय, कारण माझा पगार त्या ४८ तासांवरच येतो.

तेवढ्यावरून आठवलं. जर्मनीत लांडाऊला २०११ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण डॅफ्नियावर तपासले. टायटॅनियम विरघळत नाही, म्हणून त्याला सगळे निरुपद्रवी धरतात. ४८ तासांच्या चाचणीत ते सहसा पासच होतं. या लोकांनी चाचणी ९६ तासांपर्यंत ताणली. कण डॅफ्नियाच्या कवचावर थर धरून बसले होते आणि पिल्लांना पहिली कात टाकता येईना. कात अडकली की कवचधारी जीव मेलाच. विषाचा थेंब नाही, नुसतं ओझं. माझ्या मते अशा कणांसाठी ४८ तासांच्या रिपोर्टवर 'सुरक्षित' लिहिणं म्हणजे दहावीच्या पहिल्या पेपरवर निकाल लावणं. २१ दिवसांची, पिल्लं मोजायची चाचणीसुद्धा आहे. महाग पडते, म्हणून मागवत नाहीत.

तुम्ही करायचं एवढंच: ब्लोअरचं धुणं तळ्यात जाऊ देऊ नका. बांधाच्या आत, पिकाच्याच मातीत जिरवा. गांडूळखताच्या बेडपाशीही नको. चांदी मिसळलेल्या मातीतून गांडुळं बाजूला सरकतात, प्रयोगात हे पाहिलं गेलंय. गंमत म्हणजे क्षाराच्या रूपातली चांदी त्यांना लगेच कळते. नॅनो चांदी टाळायला त्यांना वेळ लागतो.

बोर्डोबद्दलही बोलते, रागावू नका. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. तांबं कुजत नाही, उडून जात नाही. मारलं तेवढं मातीत साठतं. युरोपात म्हणूनच २०१९ पासून सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोची मर्यादा आहे. नॅनो नसलं तरी तांबं ते तांबंच.

द्राक्षवाला_निफाड

कागदच आहे, गाळ नाही. धुण्याचं पाणी वळवतो. बोर्डोचं मात्र डाऊनीला सांगा.

डार्करूम_कोल्हापूर

पोरांनो, मी चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. चांदी म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्याकडे फिल्म धुतल्यावर उरलेली चांदी हायपोत (फिल्म पक्की करायच्या द्रावणात) उतरायची आणि ते वापरलेलं हायपो विकत घ्यायला माणसं यायची, चांदी काढायला. म्हणजे हायपो चांदीला धरून ठेवतं. तुमच्या मत्स्यालयवाल्यांचं ते क्लोरीन घालवायचं औषध, खड्यांचं, ते हायपोच ना? मग टाकीत तेच टाकलं की चांदी बांधली जाईल आणि प्रश्न मिटेल. बरोबर?

पाणपिसू (मुलुंड)

काका, क्या बात है! अर्धा प्रश्न खरंच मिटतो. हो, सोडियम थायोसल्फेट, तेच ते. ते चांदीच्या आयनाला असं धरतं की तो माशाच्या पंपापर्यंत पोचतच नाही. हे तपासलं गेलं तेही तुमच्याच धंद्यामुळे. फोटो धुण्याचं पाणी नद्यांत जायचं, म्हणून. १९८४ मध्ये फॅटहेड मिनो नावाच्या छोट्या माशावर पाहिलं, तर सिल्व्हर नायट्रेट लिटरला मिलिग्रॅमच्या काही शतांशांतच मारत होतं, आणि थायोसल्फेटने बांधलेली चांदी शेकडो मिलिग्रॅमलाही मारत नव्हती.

पण उरलेला अर्धा प्रश्न हिरव्या पाण्यात आहे. शेवाळाला गंधक लागतं, त्यामुळे ते थायोसल्फेट आत ओढून घेतं. आणि त्याच्या पाठीवर बसून चांदीही आत जाते. कॅनडातल्या फोर्टिन आणि कॅम्पबेल यांनी २००१ मध्ये हे दाखवलं. थायोसल्फेट घातल्यावर शेवाळात चांदी कमी नाही, जास्त गेली. आणि बेटावेडाची मोइना काय खाते? तेच शेवाळ. घासातून गेलेली चांदी आईला मारत नाही, पण अंड्यांत बलक नीट भरत नाही आणि पिल्लं कमी होतात. म्हणजे हायपोने मासा वाचेल, आणि मोइनाचा टब 'का कुणास ठाऊक वाढत नाही' या अवस्थेत जाईल.

बेटावेडा (डोंबिवली)

बाप रे. म्हणजे मी बदामाची पानं टाकतो ती पण कामाची की बिनकामाची?

पाणपिसू (मुलुंड)

कामाची. पानांतून उतरणारा तांबूस अर्क, ह्युमिक पदार्थ वगैरे, आयनांना थोडंफार बांधतो आणि कणांवरही थर चढवतो. तुझ्या बेटाच्या टाकीत पानं होती, हेही मासे मजेत असण्याचं एक कारण असू शकतं. आपल्याकडचं नळाचं पाणी पावसाचं, धरणात साठवलेलं. क्षार कमी, मीठ कमी. अशा पाण्यात चांदी मोकळी फिरते. समुद्राच्या पाण्यात ती क्लोराइडला लागते, तिथलं गणित निराळं.

पुढचं सांगते. टाकीचं पाणी हप्त्याने बदलत जा, एकदम नको. स्पंज फिल्टर पिळताना ते पाणी मोइनाकडे नेऊ नकोस, कण तिथेच अडकलेले असणार. मेलेल्या टबाचं हिरवं पाणी दुसरं टब सुरू करायला वापरू नकोस, टब घासून उन्हात वाळव. तळाच्या चुऱ्यात तपकिरी, खोगिरासारख्या डब्या दिसल्या तर त्या ब्रशने वेचून स्वच्छ पाण्यात खळाळून वाळवून ठेव. ती मोइनाची झोपलेली अंडी. आईवर वेळ आली की ती अशी अंडी टाकते, आणि नंतर चांगलं पाणी मिळालं की ती उबतात.

टाकीचं पाणी निवळलं की नाही हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन काचेचे ग्लास घे. एकात टाकीचं पाणी, दुसऱ्यात शिळं नळाचं. दोन्हीत सारख्या मोइना सोड, खायला काही घालू नकोस, ऊन लागू देऊ नकोस. दोन दिवस बघ. दोन्हीकडे उड्या चालू असतील तर पाणी वापर. अंगठी घातलेली बोटं मात्र ग्लासात बुडवू नकोस.

आणि ती बाटली बेसिनमध्ये रिकामी करू नकोस. बूच लाव, वर नाव लिही, आणि धोकादायक कचऱ्यात दे.

बेटावेडा (डोंबिवली)

ताई, सगळं समजलं, पण ग्लासात सोडायला माझ्याकडे एकपण मोइना उरलेली नाही. डब्या शोधल्या, तीन-चार मिळाल्यात, उबतील तेव्हा उबतील. फ्राय पाच दिवसांचे झालेत, आर्टेमियावर (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवांवर) चालवतोय. ठाणे-डोंबिवली पट्ट्यात कोणाकडे टब सुरू करायला थोड्या मोइना, म्हणजे स्टार्टर, आहे का?

पाणपिसू (मुलुंड)

लॅबची देता येत नाही, पण घरी माझ्या गॅलरीत एक टब आहे. रविवारी सकाळी ये, निरोप पाठवते. झाकणाला भोक पाडलेली बाटली आण, आणि ती आधी कशाची होती ते सांग.

बेटावेडा (डोंबिवली)

बिसलेरीची. चालेल?

पाणपिसू (मुलुंड)

पळेल.